यंत्राची लय आणि गळ्याची पट्टी



आज आपल्याशी बोलायचे आहे ते एका चुकीबद्दल. चूक माझीच आहे, तेव्हा ती सांगायला मला कोणाची परवानगी घ्यायला नको. ती दुरुस्त करताना आवाजाच्या शास्त्रातली एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्यासारखेच मोबाइल आणि पेटी घेऊन मुलांची गाणी बसवणारे शिक्षकबंधू आणि भगिनी गावोगाव आहेत. त्यांना ती उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले होते. समूहगीत बसवायचे होते. शाळेच्या कपाटात एक जुनी कॅसेट होती. पंचवीस वर्षांपूर्वी याच शाळेच्या मुलांनी गायलेले गाणे तिच्यावर होते. गाणे चांगले, चाल सोपी. मी घरचा टेपरेकॉर्डर झाडून काढला, कॅसेट लावली आणि मोबाइल जवळ धरून गाणे उतरवून घेतले. दुसऱ्या दिवसापासून मुले त्या आवाजाबरोबर सराव करू लागली.

ध्रुवपद बरे जाई. अंतरा आला, की मुलांचे गळे ताणले जात. शिरा दिसू लागत. सातवीतली एक मुलगी होती. रोज सकाळी प्रार्थना सांगणारी, गोड गळ्याची. वरच्या स्वरावर तिचा आवाज फाटू लागला. दोन दिवस पाहिले, तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "बाळ, तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव." ती काही बोलली नाही. मागे जाऊन उभी राहिली. पण त्यानंतर सकाळच्या प्रार्थनेलाही ती पुढे आली नाही.

पुढे एके दिवशी आमच्या शाळेतूनच निवृत्त झालेले एक वयस्कर गुरुजी सहज डोकावले. ते गाणे मुळात त्यांनीच बसवलेले. दारात उभे राहून त्यांनी एक कडवे ऐकले आणि म्हणाले, "अहो, हे गाणं मी काळी एकमध्ये बसवलं होतं. हे तर काळी दोनमध्ये वाजतंय. आणि एवढी घाई कसली झालीय पोरांना?"

आम्ही पेटी उघडली. गुरुजींचे म्हणणे खरे निघाले. गाणे दोन पट्ट्या वर चढले होते. मग मला आठवले, त्याच कॅसेटच्या शेवटी मुलांनी म्हटलेले राष्ट्रगीत होते. संपूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात, हे आपण सगळेच शिकवतो. मी घड्याळ लावून ऐकले. आमच्या कॅसेटवरचे राष्ट्रगीत ४६ सेकंदांत संपले!

म्हणजे मुले बेसूर नव्हती. आमचा टेपरेकॉर्डर धावत होता. मागे तो मीच उघडून दुरुस्त केला होता. मोटरचा वेग ठरवणारा बारीकसा स्क्रू त्या वेळी फिरला असावा. स्क्रू फिरवला मी, आणि मागच्या रांगेत गेली ती मुलगी.

आता प्रश्न असा, की टेप जरा भरभर फिरली तर गाणे लवकर संपेल हे ठीक. पण ते वरच्या पट्टीत का जावे? लय आणि पट्टी या तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गवई एकाच पट्टीत विलंबितही गातो आणि द्रुतही गातो. मग यंत्राला ते का जमू नये?

याचे उत्तर मुलांच्या सायकलीत आहे. मुले सायकलच्या चाकाच्या तारांत पुठ्ठ्याचा तुकडा अडकवतात, ते आपण पाहिले असेल. हळू चालवली तर टक टक टक असे वेगवेगळे ठोके ऐकू येतात. जोरात पायडल मारले, की ठोके एकमेकांत मिसळतात आणि फर्रर्र असा एक सूर निघतो. आणखी जोर केला, की तो सूर वर चढतो. सूर म्हणजे तरी काय? एका सेकंदात हवेला बसलेले ठोके. ठोके जितके जास्त, तितका सूर उंच. आमच्या पेटीतल्या काळी एकचा मधला सा सेकंदाला सुमारे २७७ कंपने देतो. काळी दोनचा सा देतो सुमारे ३११.

ग्रामोफोनची तबकडी आणि कॅसेटची टेप ही त्या सायकलच्या चाकाचीच भावंडे. तबकडीवर गाण्याची कंपने नागमोडी खाचेच्या रूपाने कोरलेली असतात. टेपवर ती चुंबकाच्या खुणांनी उमटवलेली असतात. सुई किंवा टेपचे हेड त्या खुणांवरून जाते आणि जशा खुणा येतील तसा आवाज काढते. टेप भरभर ओढली, तर एका सेकंदात जास्त खुणा हेडाखालून जाणार. गाणे लवकर संपणार आणि त्याच कारणाने सूरही चढणार. लय आणि पट्टी एकाच दोराने बांधलेल्या दोन बैलांसारख्या. एकाला हाकला, की दुसरा निघालाच.

हे किती प्रमाणात होते, त्याचा हिशेब सोपा आहे. पेटीवरच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत, काळी पांढरी सगळ्या धरून, कंपनांची संख्या जवळजवळ ६ टक्क्यांनी वाढते. नेमके सांगायचे तर ५.९५ टक्के. अशा बारा पायऱ्या चढलो, की संख्या बरोबर दुप्पट होते आणि आपण वरच्या सा वर पोचतो. म्हणजे यंत्र शंभराला सहाने जास्त धावले, की गाणे एक पट्टी चढले. शंभराला सहाने मागे पडले, की साधारण एक पट्टी उतरले. कॅसेटची टेप एका सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटर सरकावी अशी योजना असते. आमच्या यंत्रात ती सुमारे ५.४ सेंटिमीटर सरकत होती. फरक अर्ध्या बोटाचा, पण तेवढ्याने गाणे दोन पट्ट्या चढले.

जुन्या माणसांना याचा अनुभव नवा नाही. किल्लीचा ग्रामोफोन ज्यांच्या घरी होता, त्यांना आठवत असेल. गाणे रंगात यावे आणि स्प्रिंग उतरत जावी. गाणारी बाई हळूहळू पुरुषी आवाजात जायची, मग तो पुरुषही झोपेत बरळल्यासारखा बोलायचा आणि घरातले कोणीतरी धावत जाऊन किल्ली द्यायचे. पुढे कॅसेटचा काळ आला. सेल उतरले, की टेपरेकॉर्डरमध्ये हाच प्रकार होई. लांबून गाणे ऐकूनच मुले सांगत, "सेल संपले."

काहींनी या दोषाचा उपयोगही करून घेतला. अमेरिकेत रॉस बॅगडासेरियन नावाच्या गायकाने १९५८ साली तीन बोलक्या खारींचे एक गाणे काढले. युक्ती एवढीच, की यंत्र निम्म्या वेगाने चालवून माणसाचा आवाज मुद्रित करायचा आणि ऐकवताना तो पूर्ण वेगाने ऐकवायचा. आवाज वरच्या सप्तकात गेला आणि खार गाते आहे असे लोकांना वाटले. ते गाणे अमेरिकेत घरोघर गाजले.

दूरचित्रवाणीवर हेच नकळत घडे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने काढलेला असतो. पाल नावाची दूरचित्रवाणीची जुनी पद्धत, जी आपल्या देशानेही स्वीकारली होती, ती सेकंदाला २५ चित्रांची. त्या पद्धतीच्या देशांत चित्रपट दाखवताना तो सरळ २५ च्या वेगाने सोडण्याची रीत होती. मग १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे आणि त्यातली गाणी जवळजवळ पाऊण पट्टी चढत. टीव्हीवरचे गाणे ऐकत कोणी पेटी धरली असेल आणि सूर कोणत्याच पट्टीशी जुळला नसेल, तर त्यामागे हेही एक कारण असू शकते.

पण सर्वांत नाजूक प्रश्न आहे तो जुन्या गाण्यांच्या तबकड्यांचा. आपल्या देशात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांना आपण सरसकट ७८ फेऱ्यांच्या तबकड्या म्हणतो. पण मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्या हा नियम पुढे ठरला. सुरुवातीच्या तबकड्या कधी ७० च्या आसपास, कधी ८० च्या, कधी त्याही पलीकडे अशा वेगांनी मुद्रित झाल्या. ७२ च्या वेगाने भरलेली तबकडी आपण ७८ ने वाजवली, तर शंभराला आठाहून जास्त फरक पडतो; गाणे सव्वा पट्टीहूनही थोडे अधिक चढते. गवयाचा धीरगंभीर आवाज चिरका होतो. तान होती त्यापेक्षा चपळ वाटते. मग आपण म्हणतो, काय विलक्षण तयारी! तयारी होतीच, पण त्यात थोडा वाटा आपल्या यंत्राचाही असतो.

तबकडीचा वेग तपासायची एक गमतीदार युक्ती होती. कागदाची एक चकती घ्यायची आणि तिच्या कडेला सारख्या अंतरावर ७७ काळ्या रेघा काढायच्या. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, त्यामुळे साधा विजेचा दिवा सेकंदाला १०० वेळा मंदप्रखर होतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही. ही चकती तबकडीवर ठेवून त्या दिव्याखाली फिरवली आणि फेऱ्या मिनिटाला ७८ च्या अगदी जवळ असल्या, की रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसत. वेग जास्त असला तर रेघा पुढे सरकत, कमी असला तर मागे. पण ही चकती सांगणार ती आपल्या यंत्राचा वेग. गाणे भरताना कोणता वेग होता, ते तिला काय ठाऊक? त्यासाठी कान, पेटी आणि गवयाच्या पट्टीची माहिती यांचाच आधार घ्यावा लागतो. गौहर जान गाणे संपल्यावर इंग्रजीत आपले नाव सांगत. असे चार बोललेले शब्द सापडले, तर वेग ओळखायला तेही मदत करतात. कारण गाण्यापेक्षा बोलण्यातला चुकीचा वेग कानाला लवकर खटकतो.

इतके दिवस लय आणि पट्टी एका दोरात बांधलेल्या होत्या. हा दोर सोडवायचा विचार कोणाला सुचला? मूळचे हंगेरीचे आणि इंग्लंडात काम करणारे शास्त्रज्ञ डेनिस गॅबॉर यांनी १९४६ साली आवाजाकडे पाहण्याची एक नवी रीत मांडली. आवाज हा अखंड प्रवाह न मानता बारीक बारीक कणांची रास मानावी, असे त्यांचे म्हणणे. याच गॅबॉरांना पुढे १९७१ साली होलोग्राफीच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या हेडांचे टेपयंत्र वापरून बोलणे आखडते किंवा लांबते करून दाखवले, आणि सूर जागेवर राहिला. १९६६ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी आवाजातली निरनिराळी कंपने वेगळी करून त्यांची पुन्हा मांडणी करण्याची गणिती रीत दिली. ही कामे तेव्हा मोठमोठ्या प्रयोगशाळांत चालत. आज तीच कामे आपल्या खिशातला मोबाइल करतो. व्हॉट्सॲपवर आलेला बोललेला निरोप दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकायची सोय २०२१ पासून झाली आहे. बोलणारा भरभर बोलतो, पण त्याचा आवाज खारीसारखा होत नाही. तो सोडवलेला दोर म्हणजे हाच.

हे होते तरी कसे? आपल्या कौलारू घराचे छप्पर डोळ्यांपुढे आणा. कौले एकमेकांवर थोडी थोडी चढवून बसवलेली असतात. समजा, तेवढीच कौले घेऊन जरा लांब छप्पर शाकारायचे आहे. आपण काय करू? कौले थोडी सरकवून त्यांचा एकमेकांवरचा चढाव कमी करू. छप्पर आखूड हवे असेल, तर चढाव वाढवू. दोन्ही वेळा प्रत्येक कौल आहे तसेच राहते. कौल ताणावे लागत नाही की तासावे लागत नाही.

संगणक गाण्याचे असेच करतो. मुळात संगणकात आवाज आकड्यांच्या रूपाने साठवलेला असतो. सीडीच्या पद्धतीत एका सेकंदाला ४४,१०० आकडे. संगणक त्या गाण्याची सेकंदाच्या काही शतांशांएवढी लहान लहान कौले पाडतो. प्रत्येक कौलाच्या पोटातली कंपने जशीच्या तशी ठेवतो, म्हणून पट्टी हलत नाही. कौलांचा चढाव तेवढा कमीजास्त करतो, म्हणून लय बदलते. फार लांबवायचे असेल, तर एखादे कौल दोनदा लावतो. आता कौलांचे सांधे नीट बसले नाहीत, तर पावसाळ्यात छप्पर गळते. तसेच इथेही लाटेवर लाट नीट बसवली नाही, तर आवाजात खरखर येते.

आणि लय तीच ठेवून पट्टी बदलायची असली तर? तेही याच वाटेने दोन पावलांत साधते. आधी गाणे कौलांच्या युक्तीने लांबवायचे, मग ते लांबलेले गाणे तेवढ्याच प्रमाणात भरभर फिरवायचे. लांबी मूळपदावर आली आणि सूर मात्र वर चढला. उतरवायचा असेल तर याच्या उलट.

ज्यांच्या शाळेत संगणक आहे, त्यांनी ऑडॅसिटी नावाची संगणकप्रणाली पाहावी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तिची सुरुवात झाली आणि २००० साली ती लोकांसाठी खुली झाली. तिला पैसे पडत नाहीत. तिच्या इफेक्ट या यादीत आपल्या कामाच्या तीन किल्ल्या आहेत. आवृत्तीप्रमाणे नावे थोडी इकडेतिकडे होतात, पण काम तेच.

पहिली किल्ली 'चेंज स्पीड अँड पिच'. ही लय आणि पट्टी दोन्ही एकदम बदलते. जुन्या टेपरेकॉर्डरचा स्क्रू फिरवावा तशी. हिच्यात ३३ १/३, ४५ आणि ७८ हे तबकड्यांचे वेगही दिलेले आढळतात. ३३ १/३ ची तबकडी चुकून ४५ ने वाजवून उतरवली असेल, म्हणजे गाणे पाच पट्ट्या चढले असेल, तर ती चूक इथे सुधारता येते.

दुसरी 'चेंज टेम्पो'. ही फक्त लय बदलते. मुलांना अवघड कडवे सावकाश ऐकवायचे असेल, तर ही. गळ्यावर ताण नाही, पट्टी तीच.

तिसरी 'चेंज पिच'. ही फक्त पट्टी बदलते. गाणे बरोबर वेगात आहे, पण यंदाच्या मुलांना ते उंच पडते, अशा वेळी ही. एक पट्टी उतरवायची तर एक सेमीटोन खाली, एवढेच सांगायचे.

कोणती किल्ली कधी, हे ओळखण्यातच सगळे शहाणपण आहे. आमचेच उदाहरण घ्या. मला आधी वाटले, गाणे चढले आहे तर तिसऱ्या किल्लीने दोन पट्ट्या उतरवून टाकू. तसे केले असते, तर सूर काळी एकवर आला असता, पण गुरुजींना खटकलेली ती घाई तशीच राहिली असती. दोष यंत्राच्या वेगाचा होता. त्याने दोन्ही गोष्टी एकदम बिघडवल्या होत्या. तेव्हा दोन्ही एकदम सुधारणारी पहिली किल्ली, हाच उपाय.

आता फळ्यावर मांडावे असे एक गणित सांगतो. ५२ सेकंदांचे राष्ट्रगीत ४६ सेकंदांत संपले. म्हणजे वेग शंभराला तेराने वाढला होता. मग शंभराला तेराने कमी करायचा का? नाही! ४६ ला ५२ ने भागा. ०.८८५ येतात. म्हणजे शंभराला साडेअकराने कमी करायचा. शंभराचे एकशे तेरा झाले, तर परत येताना ते तेरा एकशे तेरातून वजा होतात, शंभरातून नव्हे. व्याजाच्या हिशेबात मुले हमखास अडखळतात, ती हीच जागा. गाण्याच्या निमित्ताने सांगितली, तर पक्की लक्षात राहते. दुसऱ्या किल्लीचेही असेच. लय शंभराला २५ ने कमी केली, तर ६० सेकंदांचे कडवे ७५ सेकंदांचे होत नाही. ते ८० सेकंदांचे होते.

घड्याळाने साडेअकरा सांगितले. पण राष्ट्रगीताचे ५२ सेकंद हे सुमाराचे माप आहे. म्हणणारा एखादा सेकंद मागेपुढे करू शकतो. सुदैवाने कॅसेटवर जी पेटी वाजली होती, ती शाळेत अजून होती. ती काढली, सा धरला आणि संगणकातला सा तिच्याशी मिळवत गेलो. शंभराला अकराने कमी केल्यावर दोन पेट्यांचा सूर एकमेकींत मिसळून गेला. राष्ट्रगीत मोजले, तर ५२ सेकंदांना किंचित कमी. घड्याळ आणि कान दोघांची साक्ष जुळली.

या किल्ल्यांना मर्यादाही आहेत, त्या सांगायला हव्यात. वेग आणि पट्टी एकदम बदलणारी पहिली किल्ली आवाज फारसा खराब करीत नाही. दुसरी आणि तिसरी मात्र कौले सरकवतात. थोडे सरकवले तर कळत नाही. फार सरकवले, की तबल्याचा एक ठोका दोन ठोक्यांसारखा ऐकू येतो, तंबोऱ्याची जवार पाण्यात बुडल्यासारखी होते. लय निम्म्यावर आणली, तर तान शिकायला ती चालेल. कार्यक्रमात लावायला चालणार नाही.

पट्टी फार बदलली, की माणूसच बदलल्यासारखा वाटतो. याचे कारण असे. सूर गळ्यात निघतो, पण अ, आ, इ, उ हे स्वर तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीत घडतात. ती पोकळी म्हणजे जणू एक मडके. गवई वरचा सूर लावतो, तेव्हा त्याचे मडके लहान होत नाही. पण साध्या रीतीने पट्टी चढवली, तर सूर आणि मडके दोन्हींचा आवाज चढतो आणि मोठ्या माणसाच्या जागी लहान मूल गाते आहे असे वाटते. मडके जागेवर ठेवून सूर हलवण्याची सोय काही प्रणालींत असते. तरीही माझा सल्ला असा, की एकदोन पट्ट्यांच्या पलीकडे जाऊ नये. त्यापेक्षा पेटी घेऊन मुलांना सोयीच्या पट्टीत आपणच गावे. मुलांना शिक्षकाचा जिवंत आवाज जास्त आवडतो, मग तो थोडा घोगरा का असेना.

आता शेवटची आणि माझ्या मते महत्त्वाची गोष्ट. आपल्या घराघरांत जुन्या कॅसेटी पडून आहेत. कोणाच्या कॅसेटवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, कोणाच्या भजनी मंडळाची एकादशीची रात्र आहे, कोणाच्या वडिलांचे बोलणे आहे. टेप जुनी होते, यंत्रे मोडीत जातात. तेव्हा ते आवाज लवकर उतरवून ठेवावेत. पण उतरवताना चार गोष्टी पाळाव्यात. एक, यंत्राचा वेग आधी तपासा. माहीत असलेले एखादे माप शोधा: राष्ट्रगीत, घरातली पेटी, देवळातली घंटा, काहीही. दोन, पहिली प्रत जशी उतरेल तशीच ठेवा. तिला हात लावू नका. सुधारणा करायची ती दुसऱ्या प्रतीवर. तीन, काय सुधारले ते फाइलच्या नावात लिहून ठेवा, "वेग अकरा टक्के कमी केला" असे साध्या शब्दांत. उद्या कोणाला ते चुकीचे वाटले, तर त्याला मूळ आवाजापर्यंत परत जाता आले पाहिजे. चार, ओव्या लिहून घ्यायच्या असतील, तर लय कमी करून ऐका. शब्द स्पष्ट होतात. पण पुढच्या पिढीला ऐकवायची ती आजीच्या स्वतःच्या लयीतली ओवी. ती जशी थांबत होती, जसा श्वास घेत होती, तो तिचा होता. तो आपण यंत्राच्या सोयीसाठी बदलू नये.

आमच्या समूहगीताचे काय झाले, ते सांगून थांबतो. सुधारलेले गाणे घेऊन मी वर्गात गेलो. मुलांना सगळी हकिगत सांगितली: टेप, स्क्रू, ४६ सेकंद, सगळे. मग त्या मुलीला म्हणालो, "बाळ, चूक माझी होती. तुझा गळा बरोबर होता, माझं यंत्र चुकत होतं." गाणे लावले. अंतरा आला. पहिल्या खेपेला ती मागच्या रांगेतून हळूच गायली. दुसऱ्या खेपेला मी तिला पुढे बोलावले. वरचा स्वर तिने असा सहज घेतला, की दारात उभे असलेले गुरुजी नुसते मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना सांगायला ती आपणहून पुढे आली.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलाचा सूर लागत नाही असे वाटले, तर त्याला मागच्या रांगेत पाठवण्यापूर्वी एकदा पेटी उघडा आणि एकदा घड्याळाकडे पाहा. यंत्राचा वेग चुकला, तर तो अकरा टक्क्यांनी परत आणता येतो. मुलाचा गेलेला धीर परत आणायला अशी किल्ली कोणत्याच संगणकात नाही.